सोमवारचा घाणा

आत्याबाई, तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि मला चौथीपर्यंतचं येत होतं, या एका गोष्टीवरून तुम्ही मला पहिलं वर्षभर धारेवर धरलंत. "शाळेत जाऊन आली, पण भाकर पाहा, नकाशावानी करते," असं तुम्ही आल्यागेल्याला माझ्यासमोर सांगायच्या. सासूला आत्याबाई म्हणायचं, आणि विचारलं तरच बोलायचं, एवढं आईनं मला शिकवून पाठवलं होतं. तेव्हा मी खाली मान घालून भाकरी गोल करायच्या मागे लागे. आज माझ्याच घरात सून येऊन सात वर्षं झाली. आत्ता दुपारी ती झोपली आहे, पंखा फिरतो आहे, आणि मी नातवाच्या वहीची मागची पानं फाडून तुम्हाला लिहिते आहे. वाचता आलं असतं तर तुम्ही एका दमात वाचून म्हणाल्या असत्या, "मंग? इतकं लिवाची काय गरज होती?"

गरज होती. मला ते पावसाळ्यानंतरचे दिवस पुन्हा एकदा नीट मांडून पाहायचे आहेत. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, आणि संग्रामपूरपासून सातपुड्याच्या बाजूला दीड कोसावरच्या आपल्या गावात सरकार म्हणजे काय ते पोस्टात मिळणाऱ्या, तापावरच्या कोयनेलच्या पुड्यांवरूनच कळायचं. त्या वर्षी थंडीतापाची साथ घरोघरी होती. तुम्ही तीन आठवडे अंथरुणावर होत्या. पुड्या कडू लागतात म्हणून लोक फेकून देत, तुम्ही मात्र एक घ्यायची तिथं दोन घेतल्या, कारण कापूस वेचायला आला होता आणि तुम्हाला उठायचं होतं. तुम्ही उठलात. ताप गेला. आणि त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, स्वयंपाक आटोपून चुलीपाशी टेकून बसला असताना, तुम्ही एकदम मान वर केलीत.

त्या सोमवाराला अर्थ होता. आपल्या घराच्या डाव्या अंगाला, भिंतीला भिंत लागून, घाणेवाल्या काकांचं घर. जवस, तीळ, करडी गाळून तेल काढायचा त्यांचा धंदा. डोळ्यांना झापडं बांधलेला बैल दिवसभर गोल फिरायचा आणि लाकडी लाट कुईऽऽ कुईऽऽ करत राहायची. लग्न होऊन आले तेव्हा मला त्या आवाजानं घास गिळवत नसे, पुढं तो आहे हेही लक्षात येईनासं झालं. पण सोमवारी घाणा बंद. त्यांच्या जातीत सोमवार पाळायचे. बैलाला विसावा, लाटेला हळदकुंकू, आणि घाण्याला हात लावायचा नाही. हा नेम मोडणाऱ्याला जातीत कोणी पंगतीला घेत नसे. काकांचे आजे-पणजे तो पाळत आले होते. आणि त्या सोमवारी तुम्ही म्हणालात, "घाणा चालून राह्यला."

मी कान दिला. अंगणात कोंबडी पानं उकरत होती, बाकी सगळं सामसूम. "इकडं ये," तुम्ही म्हणालात. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, आणि तुम्ही मला आपल्या शेजारी बस असं तेव्हा पहिल्यांदा म्हणालात. मी बसले. तुम्ही माझं डोकं धरून भिंतीला लावलंत, आपलंही लावलंत. तुमच्या कपाळाला कपाळ टेकलं. तुमच्या केसांना जवसाच्या तेलाचा आणि धुराचा वास येत होता. "येते ना ऐकू? बारीक, पण येते. कुईऽऽ. चोरून चालवून राह्यला तो." मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, "हाव."

पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्याही. इतर दिवशी खरा घाणा चालू असायचा, त्यामुळे तुम्हाला वेगळं काही वाटायचं नाही. कामाच्या गडबडीत, अंगणात, शेतात तुम्हाला तो जाणवतही नसे. सोमवार आला आणि गाव शांत झालं की तो भिंतीतून यायचा. तुमच्या मनात खात्री बसली. तुमची खात्री एकदा बसली की तिला हलवणारा माणूस आपल्या घरात नव्हता. मामंजी माझ्या लग्नाआधीच गेले होते, आणि ह्यांनी आयुष्यात तुमच्यापुढं मान वर केली नव्हती.

मग नदीवर तो प्रकार झाला. आपण दोघी धुणं धुवायला गेलो होतो, घाणेवाल्या काकू शेजारच्या दगडावर होत्या. त्यांच्या मुलीचं वरवट बकालला ठरलं होतं. माघात लग्न होतं. काकू आनंदात त्याच्याच गोष्टी सांगत होत्या. तुम्ही लुगडं पिळत म्हणालात, "लगन करता, पन सोमवार पाळाचं काऊन सोडलं?"

"म्हंजे?"

"म्हंजे काय? काल दिवसभर घाणा चालून राह्यला तुमचा. तिसरा सोमवार हाये हा."

काकूंच्या हातातला कपडा पाण्यात गेला. "वयनी, तोंडाले येईन ते बोलू नोका. आमच्या घरी पोरीचं लगन हाये."

"मी काय खोटं बोलते? माह्या सुनेनं ऐकलं. सांग वो पोरी."

दहा-बारा बाया माझ्याकडे पाहत होत्या. काकूही पाहत होत्या. लग्न होऊन आले तेव्हा माझा हात भाजला, तर तुम्ही घरी नाही असं पाहून परसातल्या भिंतीवरून मलम देणाऱ्या त्या काकू. मी म्हटलं, "हाव. आला आवाज."

तुमच्या एकटीच्या बोलण्यावर कदाचित कोणी विश्वास ठेवला नसता. दोघींनी ऐकलं म्हटल्यावर गोष्ट पसरली. आठ दिवसांत वरवटला पोचली. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला की आधी जातीपुढं याचा निकाल लागू द्या, मग लग्नाचं पाहू. माघातल्या दुसऱ्या सोमवारी बैठक ठरली. घाणेवाल्या काकांनी तुमच्याशी भांडण केलं नाही. ते एकदा आपल्याकडे आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "वयनी, माह्या बापाच्या तेराव्यालेबी मी सोमवार मोडला नाई. तुमाले काय ऐकू आलं ते देवाले माईत." ते गेल्यावर तुम्ही जेवला नाहीत. तुम्हाला त्यांचं खरं वाटलं होतं, आणि तुमच्या कानाचंही खरं वाटत होतं, हे मला आज कळतं.

बैठकीच्या चार दिवस आधी मलकापूरला तुमच्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. छकड्यात बसून आपण गेलो. तिथं वाजंत्री, माणसं, स्टेशनाकडून येणाऱ्या गाड्यांचा धडधडाट, कापसाच्या गाठींनी भरलेल्या बैलबंड्या. तुम्ही मोकळ्या वाटत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी वऱ्हाड परतलं, मंडपात दोन म्हाताऱ्या पेंगत होत्या, आणि तुम्ही आतल्या खोलीत बसल्या होत्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन आले तर तुमचा चेहरा उतरलेला. तुम्ही बहिणीला हाक मारलीत.

"तुह्या शेजारी घाणा हाये काय वो?"

"नाई वो बाई. तिकडं कापसाच्या दलालाची वखार हाये. काऊन?"

"काई नाई," तुम्ही म्हणालात. डाव्या हाताच्या भिंतीकडे पाहिलंत आणि तांब्या तसाच बाजूला ठेवलात.

परतीच्या वाटेवर संग्रामपूर मागे पडलं, दोन्हीकडं वेचून झालेल्या कापसाची पराटी उभी होती, समोर सातपुडा निळा दिसत होता. तुम्ही ह्यांना म्हणालात, "छकडा थांबव. बैलायच्या घुंगूरमाळा काढ." ह्यांनी विचारलं काय झालं, तर, "काढ म्हणते ना." माळा काढल्या. तुम्ही खाली उतरून बांधावर जाऊन उभ्या राहिलात. आसपास घर नाही, झाड नाही, माणूस नाही. आधी सातपुड्याकडे तोंड करून उभ्या राहिलात, डोळे मिटून. मग हळूहळू फिरलात. सूर्याकडे, मग आलो त्या वाटेकडे, मग उगवतीकडे. पुन्हा एकदा सगळ्या दिशा. ह्यांना वाटलं, तुम्ही कसला नवस फेडताय. मी जवळ आले तर तुम्ही डोळे न उघडता डावा हात वर केलात. कानापासून हातभर लांब आणि जरा मागे, हवेत एका जागी बोट ठेवलंत. तिथं कोणी उभं असावं तसं.

"इथीसा हाये तो. माह्या कानातबी नाई, भितीतबी नाई. इथीसा. मी फिरली की तोबी माह्यासंगं फिरते." मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंत. "घरी चुलीपाशी बसली की डाव्या हाताले त्यायची भित येते. म्हणून मले वाटे, तिकून येते." तुम्ही बांधावर बसलात. "अरे देवा. मी त त्या मानसाचं घर मोडलं."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. छकड्यात चढताना तुम्ही माझा हात धरला होता. मी सांगितलं नाही.

घरी आल्यावर तुम्ही हातपाय न धुता काकांच्या दारी गेलात. ते बैलाला पेंडीची ढेप खाऊ घालत होते. "बुवा, मी सोमवारी वरवटले येऊन राह्यली," तुम्ही म्हणालात. त्यांना वाटलं, तुम्ही त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला येताय. त्यांनी फक्त मान हलवली. घरात ह्यांनी जन्मात पहिल्यांदा तुम्हाला विरोध केला. "माय, तिथी सगळे माणसं राह्यतीन. दुसऱ्यायची जात. अन् तू जाऊन सांगशीन काय? का माह्या डोक्यात घाणा चालते? लोक म्हणतीन बुढी चळली. पोट्टे गोटे मारतीन तुले."

"मारतीन त मारू दे," तुम्ही म्हणालात. "चार बायायत मी बोलली. आता चार माणसायत मलेच बोला लागन."

वरवटला बैठक एका मोठ्या कडुनिंबाखाली होती. चाळीसएक माणसं, पागोटी, टोप्या. बाईमाणूस एकही नाही. काका एका कडेला उघड्या डोक्यानं बसले होते. मुलाचा बाप समोर. तुम्ही डोक्यावरचा पदर ओढून, मला मागे घेऊन, सरळ मधे जाऊन उभ्या राहिलात. जातीचे म्हातारे सरपंच म्हणाले, "बाई, तुमाले बोलावलं नाई अजून."

"मले माईत हाये. पन माह्यामुळं बसले ना तुमी? मंग आधी माहं ऐका. यानं सोमवार मोडला नाई. माही चूक झाली."

कुजबुज सुरू झाली. मुलाच्या बापानं विचारलं, "मंग आवाज आला म्हणून काऊन सांगतलं? अन् आता नाई म्हणता. त्यानं काही द्याचं कबूल केलं काय तुमाले?"

मला वाटलं, आता तुम्ही चिडणार. तुम्ही चिडला नाहीत. तुम्ही त्यालाच विचारलंत, "आज कोनता वार हाये?"

"सोमवार."

"तुमच्या वरवटात कोनाचा घाणा चालू हाये आता?"

"कसा राहीन? सगळ्यायचे बंद हायेत."

"मले त ऐकू येऊन राह्यला," तुम्ही म्हणालात. "आता. या घडीले. तिकून." आणि डावीकडे हात केलात. त्या दिशेला सरपंचांचंच घर होतं. मग तुम्ही पाव फिरलात. "आता तिकून येते. कोनाचं घर हाये ते?" मुलाचा बाप पागोटं सावरू लागला. घर त्याचं होतं. तुम्ही आणखी फिरलात. "आता देवळातून येऊन राह्यला. हनुमानजीनं घाणा टाकला काय? ताप आला होता मले, तव्हापासून हा आवाज माह्यासंगं फिरते. मले वाटलं भितीतून येते. अशी गरगर फिरली त साऱ्या वरवटाले वाळीत टाकाले लावीन मी."

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले, आणि त्या हसण्यात तुमच्याबद्दलची कीवही होती, थट्टाही होती. ती तुम्हाला दिसत होती. तरी तुम्ही जागच्या हलला नाहीत. हसणं थांबल्यावर सरपंच म्हणाले, "ते ठीक हाये बाई. पन तुमच्या सुनेनंबी ऐकलं म्हणतात. तिच्याबी डोक्यात हाये काय घाणा?"

तुम्ही मागे वळून पाहिलंही नाही.

"तिनं काईच ऐकलं नाई," तुम्ही म्हणालात. "सासू म्हणते ऐकू येते, त सून काय नाई म्हणन? माह्या धाकानं हाव म्हणली ते. ते पाप माहं. तिचं नाव घेऊ नोका."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. कधीपासून माहीत होतं, ते मी कधी विचारलं नाही. बहुधा त्या बांधावरच तुमच्या ध्यानात आलं असेल, की आवाज तुमच्या एकटीचा आहे तर मी जे ऐकलं ते काय होतं. तरी छकड्यात तुम्ही माझा हात सोडला नव्हता.

सरपंचांनी काकांना जवळ बोलावून पागोटं डोक्यावर ठेवायला सांगितलं. मुलाचा बाप उठला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसला. लग्न माघातच झालं. परतताना काका छकड्याच्या मागून चालत आले, आपण बसा म्हटलं तरी बसले नाहीत. घर आल्यावर तुम्ही मला फक्त म्हणालात, "गाय वाट पाहून राह्यली, धार काढ."

पण आत्याबाई, ते धाकानं नव्हतं. तुमचा धाक होता, खोटं कशाला बोलू, पण त्या दुपारी नव्हता. तुम्ही मला जवळ बसवलं होतंत, कपाळाला कपाळ लावलं होतंत. दीड वर्षात त्या घरात मला कोणी तसं धरलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर तुम्ही डोकं मागे घेतलं असतंत. मी हाव म्हटलं ते त्यासाठी. आणि पुढच्या सोमवारी तुमच्या आधी मीच भिंतीपाशी जाऊन बसले होते. चाळीस माणसांपुढं तुम्ही माझी जी बाजू घेतलीत, ती मला लागू नव्हती.

तुम्हाला येणारा आवाज शेवटपर्यंत गेला नाही. घाणेवाले काका सोमवारी घाणा बंद असल्यानं मोकळे असायचे. कोमट तिळाचं तेल घेऊन ते यायचे आणि काकू तुमच्या कानात चार थेंब घालायच्या. त्यानं काडीचा फरक पडला नाही. तुम्ही मात्र दर वेळी म्हणायच्या, "आज जरा बरं वाटते." ते पायरी उतरून गेले की मला हळूच सांगायच्या, "काई नाई झालं. पन त्यायले कायले सांगाचं?" त्यांच्या मुलीच्या लग्नात तुम्ही अगदी वाजंत्र्यांच्या पुढ्यात बसलात, कारण तिथं तो ऐकू येत नव्हता. लोकांना वाटलं, म्हातारीला सनईची हौस.

वरवटची गोष्ट पसरली आणि दूरदूरची माणसं तुम्हाला भेटायला येऊ लागली. इतक्या लोकांना असले आवाज येत असतील हे मला माहीतच नव्हतं. कोणी कोणाला सांगत नव्हतं, वेडं म्हणतील म्हणून. तुम्ही प्रत्येकाला अंगणात उभं करून विचारायच्या, "बोट ठेव, कोठी हाये?" विहिरीत सुरुंग लावणारा एक गडी होता, त्यानं कपाळासमोर हातभर अंतरावर बोट ठेवलं. एका मास्तरांच्या आईनं टाळूवर. एका बाईला दोन्ही कानांत वेगवेगळा यायचा, एकीकडं रातकिडे, एकीकडं पाणी. मग तुम्ही त्यांना फिरवायच्या. आवाज त्यांच्याबरोबर फिरला की म्हणायच्या, "तुहाच हाये. भूत नाई, करणी नाई, शेजाऱ्याचं काई नाई. घरी जाय, जेव." नुसतं एवढं ऐकून माणसं रडायची. एकदा पातुर्ड्याकडची एक म्हातारी आली. तिला उजव्या खांद्यामागून गेलेला नवरा शीळ घालतो असं वाटायचं. मी तिला अंगणात उभी करायला गेले तर तुम्ही मला थांबवलंत. तिला चहा पाजलात, दोन तास त्याच्या गोष्टी ऐकल्यात आणि न फिरवता पाठवून दिलंत. "हिले काऊन फिरवाचं?" तुम्ही म्हणालात. "हिचं कोनाशी भांडण थोडंच हाये." तुमच्यासारखं शहाणपण नंतर मी शिकलेल्या माणसांतही पाहिलं नाही.

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की घाणा कसा वाजायचा हे माझ्या मुलांनाही सांगावं लागतं. आणि गेल्या पौषापासून मलाही आवाज येतो. पितळी तांब्याच्या काठावरून ओलं बोट फिरवावं तसा. तुमच्याला निदान बाजू होती. माझ्याला तीही नाही, डोक्याच्या अगदी मधोमध आहे. परवा सकाळी सून आत आहे असं पाहून मी अंगणात गेले आणि तुमच्यासारखी डोळे मिटून चारी दिशांना फिरले. तो कुठूनच येत नाही. डोळे उघडले तर सून दारात उभी.

"आई, काय शोधून राह्यल्या?"

मला तर एकाच पोरीपुढं खरं बोलायचं होतं, आत्याबाई, आणि पोर गुणाची आहे. तरी मी म्हटलं, "मांजर. आता इथीसा होतं."

आमच्याकडं मांजर नाही. हे तिलाही ठाऊक आहे. ती ओट्यावर येऊन म्हणाली, "हाव, मीबी पाह्यलं." तेव्हापासून ती रोज सकाळी ओट्यावर वाटीभर दूध ठेवते. आणि वाटी भरलेली दिसू नये म्हणून, ती दुपारी झोपली की, ते दूध मी पिऊन टाकते.